यादीच्या शेवटी उभे असलेले गायक

अरुण कोलटकर यांना युनीस डिसूझा यांनी मुलाखतीत त्यांच्यावरील प्रभावांविषयी विचारले, तेव्हा कोलटकरांनी विवेचन वगैरे काही न करता नावांची एक लांबलचक यादीच त्यांच्या हाती ठेवली. ही मुलाखत १९९९ साली ‘टॉकिंग पोएम्स’ या पुस्तकात आली. तेव्हापासून कोलटकरांवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्या यादीचा आधार घेतलेला आहे. मर्ढेकर, मनमोहन, एलियट, काफ्का, ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम, रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव, नामदेव ढसाळ, गोडसे भटजी, चक्रधर. साहित्याच्या विद्यार्थ्याला या नावांशी पटकन सलगी करता येते. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला वारकरी आणि शाहीर, आणि मधोमध आपला कवी. आधुनिकतेच्या आपल्या व्याख्येत हे चित्र नेमके बसते.

पण यादी तेथे संपत नाही. शेवटाकडे ती रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ, जॉन ली हुकर, लीबर आणि स्टोलर, लॅरी विल्यम्स, लाइटनिन हॉपकिन्स अशी वळते. येथे वर्गातला आवाज खाली येतो. ‘आणि काही अमेरिकन गायक’ एवढे म्हणून पान उलटले जाते. आम्हीही ते अनेकदा केले आहे.

या वर्षी आम्ही काही जण कर्जत तालुक्यातील पोशीर येथे दोन दिवसांच्या वाचनासाठी जमलो होतो. मुंबईकरांना आणि पुणेकरांना घाटाखालचे हे गाव सारखेच सोयीचे, म्हणून. यादी मोठ्याने वाचली जात असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “हे लोक काय लिहायचे?” प्रश्न साधा होता आणि त्यातच चूक दडलेली होती. यातले बहुतेक जण लिहीत नव्हते. ते गात होते, आणि त्यातल्या एकाला तर लिहा-वाचायला प्रौढ वयात शिकावे लागले. त्या संध्याकाळी आमचे वाचन बाजूला राहिले आणि हे लोक गायक कसे झाले, याचीच चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. प्रस्तुत लेख हा त्या चर्चेचा थोडा सावरलेला मजकूर आहे.

प्रथम एक शब्द. अमेरिकेत काळ्या गायकांच्या तबकड्यांना व्यापारी परिभाषेत ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने ते नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले. ते सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा त्या पत्रात बातमीदार होता. म्हणजे ज्याला आपण एक गानप्रकार समजतो ते मुळात दुकानातल्या कप्प्याचे नाव आहे. गाणारे तेच, गाणी तीच. कप्प्यावरची चिठ्ठी तेवढी बदलली. पुढे गोऱ्या मुलांनी त्याच कप्प्यातला माल घेतला तेव्हा ‘रॉक अँड रोल’ ही तिसरी चिठ्ठी लागली. यादीतील नावे या तिन्ही चिठ्ठ्यांखाली येऊन गेलेली आहेत.

त्यांच्यात सर्वांत जुना लेडबेली, म्हणजे हडी लेडबेटर. तो लुइझियानातील अँगोला तुरुंगात कैदी असताना, १९३३ साली, जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा अ‍ॅलन हे लोकगीतांचे संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून तेथे पोचले. १९३४ मध्ये तो सुटला आणि लोमॅक्सचा गाडीचालक झाला. पुढच्या वर्षाच्या आरंभी ते न्यूयॉर्कला गेले. विद्वानांच्या सभांतून लेडबेली गाई आणि लोमॅक्स त्यावर भाष्य करी. ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटासाठी त्याला कैद्याच्या वेषात स्वतःचीच भूमिका करावी लागली. कार्यक्रमाच्या उत्पन्नातील मोठा वाटा लोमॅक्स पितापुत्रांकडे जाई. काही महिन्यांतच दोघांचे बिनसले आणि पैशासाठी लेडबेलीला वकील गाठावा लागला. १९४९ च्या डिसेंबरात तो वारला. पुढच्याच वर्षी त्याचे ‘गुडनाइट आयरीन’ हे गाणे ‘द वीव्हर्स’ या गोऱ्या गायकवृंदाच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. गीताच्या हक्कात लोमॅक्सचेही नाव होते.

लोमॅक्सला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तो गेला नसता तर तो आवाज आपल्यापर्यंत आला नसता, हेही तितकेच खरे. हा पेच येथे नुसता नोंदवून ठेवतो. पुढे तो आपल्याच अंगणात येणार आहे.

अ‍ॅलन लोमॅक्स १९४१ च्या ऑगस्टमध्ये फिस्क विद्यापीठाच्या जॉन वर्क यांच्यासह मिसिसिपीतील स्टोव्हॉल मळ्यावर गेला. त्याला खरे म्हणजे रॉबर्ट जॉन्सनचा माग काढायचा होता. पण जॉन्सन तीन वर्षांपूर्वीच मरण पावला होता. त्याऐवजी त्याला मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा, मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा तरुण भेटला. सर्वजण त्याला मडी वॉटर्स म्हणत. लोमॅक्सने त्याचे गाणे मुद्रित केले आणि लगेच वाजवून दाखवले. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकल्यावर आपण हे करू शकतो अशी खात्री झाल्याचे मडी वॉटर्सने पुढे अनेकदा सांगितले. नंतर टपालाने तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर आले. तबकडी हातात धरून, सूट घालून त्याने आपले छायाचित्र काढून घेतले. १९४३ साली तो शिकागोला गेला. दिवसा मालवाहू गाडी चालवणे आणि रात्री गाणे, असा क्रम सुरू झाला. शहरातील मद्यगृहांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून तिची जागा विजेच्या गिटारीने घेतली. नव्या वाद्याचे सौंदर्यशास्त्र नंतर आले. आधी आली ती मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची अडचण. १९४८ मधील त्याची ‘आय कान्ट बी सॅटिसफाइड’ ही तबकडी शिकागोत हातोहात खपली. तो स्वतः घ्यायला गेला तेव्हा किंमत वाढलेली होती आणि एका गिऱ्हाइकाला एकच प्रत मिळत होती, असे तो हसत सांगत असे.

हाउलिन वुल्फ, मूळ नाव चेस्टर बर्नेट, हा उमेदवारीच्या काळाची कल्पनाच बदलून टाकतो. त्याचा जन्म १९१० चा. डॉकरी मळ्याच्या परिसरात चार्ली पॅटन या बुजुर्ग गायकाकडून तो शिकला आणि पुढे कित्येक वर्षे शेती करीत आजूबाजूच्या गावांतून गात राहिला. चाळिशीच्या उंबरठ्यावर वेस्ट मेम्फिसच्या नभोवाणी केंद्रावर त्याला जागा मिळाली. तेथे तो गाई आणि जाहिरातीही मिळवी. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सने त्याला मुद्रित केले तेव्हा तो एक्केचाळिशीचा होता. हाच तो फिलिप्स, ज्याच्या खोलीत तीन वर्षांनी एल्विस प्रेस्ली गायला. शिकागोत स्थिरावल्यावर वुल्फ प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकला. आपल्याकडे पहिला कवितासंग्रह तिशीनंतर आला तर आपण त्याला उशिरा आलेला कवी म्हणतो!

रॉबर्ट जॉन्सनविषयी लिहिताना मात्र सावध राहिले पाहिजे, कारण तेथे माणसापेक्षा आख्यायिका मोठी आहे. सन हाउस या ज्येष्ठ गायकाच्या आठवणीनुसार हा पोरगा प्रथम इतके वाईट वाजवी की लोक वैतागत. मग तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो सर्वांना मागे टाकणारा वादक होऊन. चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने ही विद्या मिळवली, ही कथा आज जगभर सांगितली जाते. पण ती आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाविषयी सांगितली जात होती. आडनावाच्या धाग्याने ती रॉबर्टला येऊन चिकटली. खरा गुरू होता आइक झिमरमन नावाचा गिटारवादक. तो रात्री दफनभूमीत सराव करी, कारण तेथे कोणाची झोपमोड होत नसे. १९३६ आणि १९३७ मधील दोन खेपांत जॉन्सनची एकोणतीस गाणी मुद्रित झाली आणि १९३८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. कष्टाने मिळवलेली विद्या लोकांना पुरत नाही, तिच्यामागे अद्भुत लागते. इंद्रायणीतून कोरड्या वर आलेल्या वह्यांवर वाढलेल्या आम्हांला यात परके काही वाटले नाही.

आता नावांचा मुद्दा. जॉन ली हुकर डेट्रॉइटमध्ये फोर्डच्या कारखान्यात झाडलोट करी. १९४८ साली त्याने मुद्रित केलेले ‘बूगी चिलन’ दुसऱ्या वर्षी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत अव्वल ठरले. पण तबकडीमागे मिळणारे पैसे तुटपुंजे, आणि करार एकाच कंपनीशी. म्हणून तो इतर कंपन्यांसाठी टेक्सास स्लिम, डेल्टा जॉन, बर्मिंगहॅम सॅम अशा नावांनी गाऊ लागला. आवाज लपत नव्हता, ऐकणाऱ्याला तत्काळ कळे. लपायचे होते ते केवळ कागदावरचे नाव. ह्यूस्टनचा सॅम हॉपकिन्स १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रणासाठी गेला, तेव्हा त्याच्या पियानोवादक साथीदाराला ‘थंडर’ म्हणत. गडगडाट आहे तर वीजही हवी, म्हणून कंपनीने याला ‘लाइटनिन’ करून टाकले. हॉपकिन्सचा भविष्यातील स्वामित्वधनावर विश्वास नसे. गाणे झाले की रोख बिदागी मोजून घ्यायची, हा त्याचा खाक्या. त्यात त्याचे नुकसान झाले, असे इतिहासकार म्हणतात. भोवतीच्या गायकांचे अनुभव पाहता त्याचा हिशेब अगदीच चुकीचा वाटत नाही.

येथे पोशीरच्या त्या संध्याकाळचा थोडा संदर्भ द्यावा लागतो. आम्ही बोलत होतो तेव्हा गावात भजन चालू होते. बुवांनी ओळ सोडायची, मंडळींनी ती उचलायची. पखवाज दोघांच्या मधली फट भरतो. आणि शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. आमच्यापैकी एकाने सहज म्हटले की हुकरला ही सोय नव्हती. वारकरी कवितेत नाव कवितेच्या आतच विणलेले असते. ते काढले तर चरण मोडतो, लयही मोडते. अर्थात त्यामुळे नाव सुरक्षित राहते असेही नाही. दुसऱ्या कोणी रचून ‘तुका म्हणे’ लावले तरी ते गाथेत शिरू शकते, आणि तसे झालेलेही आहे. आपल्याकडे चोरी होते ती बहुधा उलट्या दिशेने: स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या नावावर चढवायचा. अमेरिकेतील बाजारात दुसऱ्याचा शब्द स्वतःच्या नावावर लागे. चक बेरीच्या पहिल्याच तबकडीवर, १९५५ च्या ‘मेबेलीन’वर, गीतकार म्हणून अ‍ॅलन फ्रीड या नभोवाणी निवेदकाचेही नाव छापलेले होते. गाणे वाजवण्याची ती किंमत होती.

यादीत लीबर आणि स्टोलर आहेत, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी. हे दोघे गायक नव्हेत. १९३३ साली जन्मलेले दोन ज्यू तरुण. एक शब्द लिही, दुसरा चाल बांधी. त्यांनी १९५२ मध्ये बिग मामा थॉर्नटन हिच्यासाठी ‘हाउंड डॉग’ रचले. थॉर्नटन अलाबामातील धर्मोपदेशकाची मुलगी. आई गेल्यावर मद्यगृहात साफसफाई केली, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ती एका फिरत्या खेळात सामील झाली. आपण ज्याला फड म्हणतो त्याच्याच जातीची ही संस्था. तिची तबकडी १९५३ साली सात आठवडे काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिली होती. १९५६ मध्ये प्रेस्लीने तेच गाणे गायले आणि जगाने ते त्याचे मानले. थॉर्नटन सांगे की तिला त्या गाण्याचे एकदाच पाचशे डॉलर मिळाले.

कोलटकरांच्या यादीत थॉर्नटन नाही. ब्लूज गाणारी एकही स्त्री नाही. ती लीबर-स्टोलरच्या मागे उभी आहे. आणि एकदा हे दिसले की यादीतल्या पठ्ठे बापूरावांच्या मागे कोण उभे आहे तेही दिसते. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) जात, घर, प्रतिष्ठा सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. हा त्याग खरा आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. पण त्यांच्या शब्दांना रंगमंचावर देह आणि गळा दिला तो महार समाजात जन्मलेल्या पवळाने. बापूरावांनी खाली उतरणे हा पराक्रम ठरला, कारण उतरण्याजोगी उंची त्यांना जन्माने मिळालेली होती. पवळाला ती निवड नव्हती. जात आणि वर्ण यांची सरसकट तुलना आम्हांला मान्य नाही, दोन्ही यंत्रणा वेगळ्या रीतीने चालतात. येथे साम्य आहे ते एवढेच, की प्रभावांची यादी करताना रचणाऱ्याचे नाव राहते आणि गाणारीचे गळते. कोलटकरांसारखा सावध माणूसही त्यातून सुटला नाही.

लॅरी विल्यम्स या नावाने आम्ही सर्वाधिक चकित झालो होतो, कारण जाणकारही त्याला दुय्यम मानतात. न्यू ऑर्लिन्सचा हा तरुण लॉइड प्राइस या गायकाची हरकामे करणारा नोकर होता. १९५७ च्या अखेरीस लिटल रिचर्ड दौऱ्यातच गाणे सोडून धर्माकडे वळला. त्याची जागा भरून काढण्यासाठी कंपनीने विल्यम्सला पुढे आणले. ‘बोनी मरोनी’ त्याच वर्षीचे. म्हणजे कारकिर्दीचा आरंभच बदली कामगार म्हणून. पुढे बीटल्सनी त्याची तीन गाणी गायली. यादीत जॉन लेननही आहे, तेव्हा कोलटकर त्या वाटेने विल्यम्सपर्यंत गेले असावेत असा आमचा तर्क. मात्र वाट कोणतीही असो, त्यांनी थोरांबरोबर हा बदलीचा गडीही नोंदवला, यात त्यांची वृत्ती दिसते. ‘जेजुरी’त मोडका दरवाजा आणि मंदिर एकाच नजरेने पाहणारा हाच माणूस.

हा नुसता ऐकणाऱ्याचा छंद नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी, चाळिशीत, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेल्या कोलटकरांना गायक व्हायचे होते. त्यांनी इंग्रजीत गाणी रचली आणि १९७३ च्या सुमारास त्यांतील काही स्वतः गाऊन मुद्रितही करून घेतली. त्यातून कारकीर्द उभी राहिली नाही. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाजही शिकले. या गाण्यांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या २००९ च्या पुस्तकात स्वतंत्र विभागात आहेत. कागदावर ती किरकोळ वाटतात. मडी वॉटर्सचीही वाटली असती. ‘जेजुरी’ १९७४ साली नियतकालिकात आणि १९७६ साली पुस्तकरूपाने आली, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या या खटाटोपाला लागूनच. ‘जेजुरी’त ओळ जेथे तुटते तेथे श्वास तुटतो, बोलणारा बदलला की सूर बदलतो. हे छापील आधुनिकतेकडून आलेले आहे असे आपण शिकवतो. गाण्याच्या उमेदवारीकडूनही ते आले असेल, ही शक्यता आपण तपासतही नाही. त्यांनी केलेले तुकाराम-जनाबाईंचे इंग्रजी अनुवाद पाहा. अमेरिकन रस्त्यावरची भाषा तेथे अभंगाला बिचकत नाही.

आणि आता तो पेच. यादीत बळवंतबुवांचे नाव आहे, ब्लूज गायकांच्या अगदी जवळ. मुंबईतील हे वयोवृद्ध भजनगायक कोलटकरांचे स्नेही. त्यांच्या तोंडून कोलटकरांनी त्यांच्या आयुष्याच्या हकिकती वर्षानुवर्षे ऐकल्या, टिपून घेतल्या. ‘चिरीमिरी’तील पुष्कळ कवितांमागे ते कथन आहे. तर मग येथे लोमॅक्स कोण आणि लेडबेली कोण? कोलटकरांनी पैसे मिळवले नाहीत, बुवांना कोणाच्या सभेत उभे केले नाही, आणि नाव लपवले तर नाहीच, उलट किर्केगार्डच्या पंक्तीला बसवले. हा फरक मोठा आहे. तरीही पुस्तकाच्या पाठीवर एकच नाव येते, आणि बुवांचा प्रत्यक्ष गळा आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. आमच्यात या प्रश्नावर मतभेद आहेत. काहींच्या मते सांगणारा आणि लिहिणारा यांच्यातील मैत्रीने हा व्यवहार शुद्ध होतो. इतरांना वाटते की मैत्री लोमॅक्सलाही वाटत होती.

पोशीरचे भजन बारापर्यंत चालले. सकाळी निघण्यापूर्वी ठरले की पुढच्या बैठकीत ‘चिरीमिरी’ घ्यायची, आणि ती मनात न वाचता आळीपाळीने मोठ्याने वाचायची.